काकू मागच्या सीटवर बसल्या

गॅरेजवाल्या काकूंना लॉटरी लागली ही बातमी आमच्या गल्लीत गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला जन्मली आणि सहा वाजेपर्यंत तिला हातपाय फुटून ती चालायलाही लागली. इस्त्रीवाल्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. राखाडी मोटार, स्टीअरिंगवर चक्क निवृत्त हेडमास्तर, आणि मागच्या सीटवर काकू, मान मागे टाकून, डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून बसलेल्या. जन्मभर गाड्यांच्या खाली झोपलेली बाई आता गाडीत झोपते म्हणजे पैसा आला, असा त्याचा हिशेब. शुक्रवारी सकाळी तर कहरच झाला. गाडी तीच, काकू मागे त्याच, फक्त ड्रायव्हर बदललेला. आता स्टीअरिंगवर काकूंची स्वतःची मुलगी. "पोटच्या पोरीला ड्रायव्हर केलं बघा," इस्त्रीवाला शर्टाच्या कॉलरवरून इस्त्री फिरवत म्हणाला, "आणि स्वतः शिंकत बसल्यात महाराणी."

तर यातलं फक्त शिंकणं खरं. लॉटरी नाही, महाराणी नाही, गाडीसुद्धा काकूंची नाही. गाडी हेडमास्तरांची, आणि तिला झालेला आजार असा, की दोन दिवस काकूंच्या घरात कुणाचं जेवणात लक्ष नव्हतं. काकू मागे बसल्या होत्या, कारण मागे बसणं हेच त्यांचं काम. दवाखान्यात डॉक्टर छातीला नळी लावतात, तशा काकू गाडीला पाठ लावतात.

ही पाठ लावण्याची गोष्ट जुनी आहे. गॅरेज मुळात रंगारी काकांचं, म्हणजे काकूंच्या नवऱ्याचं. पत्रा ठोकावा आणि रंग द्यावा तो काकांनीच. त्यांनी भरलेला पोचा आजही बोटाने शोधायला गेलात तर बोट घसरून पुढे जाईल. पण इंजिनापुढे काका म्हणजे लग्नात आलेला परका पाहुणा, कुठे बसावं ते कळत नाही. इंजिनाचं काम त्यांचा भागीदार बघायचा. तो एके दिवशी दुपारी चहा प्यायला म्हणून गेला तो दुसऱ्या शहरात चहा प्यायला लागला. दोन गाड्या उघड्या पडलेल्या, गिऱ्हाइकं दारात, आणि काका हातात पॉलिशचं फडकं घेऊन उभे. काकू रोज डबा घेऊन यायच्या आणि काकांचं जेवण होईपर्यंत स्टुलावर बसून भागीदाराचे हात बघायच्या. त्या दिवशी त्यांनी डबा खाली ठेवला, बाह्या वर केल्या आणि म्हणाल्या, "तो काढताना डावीकडून सुरुवात करत होता. लावताना उलटं करायचं असणार." संध्याकाळी त्यातली एक गाडी सुरू झाली. दुसरीला आठ दिवस लागले, पण तीही झाली.

गाडी दुरुस्त करू द्यायला लोक तयार होते, चालवून बघू द्यायला नव्हते. "तुम्ही मागे बसा बाई, चालवतो आम्ही," असं प्रत्येक जण म्हणायचा. काकू बसायच्या. दुसरी एखादी बाई तोंड फुगवून बसली असती. काकूंनी पाठ टेकली आणि डोळे मिटले, आणि त्यांच्या लक्षात आलं की चालवणाऱ्याचे हात, पाय, डोळे सगळे कामात गुंतलेले असतात. गाडीचं रडणं ऐकायला त्याला फुरसत कुठली. मागे बसलेल्याला दुसरा उद्योग नसतो. चाकांची थरथर, गिअरचा हिसका, इंजिनाचा दम, सगळं सीटमधून वर येतं आणि मणक्यांवर एकेक करून बसतं. पाच-सात वर्षांत अशी वेळ आली की तेच लोक "काकू, तुम्हीच चालवून बघा ना" म्हणून हात जोडायला लागले. काकू किल्ली परत द्यायच्या. "मला मागेच बरं पडतं. आणि तुमच्या गाडीत रोज जो जिथे बसतो, तो तिथेच बसू दे. गाडी एकट्या मालकाशी बोलत नाही, घरातल्या सगळ्यांशी बोलते."

ही त्यांची अट. गाडी दाखवायला आणायची तर बिऱ्हाडासकट आणायची. आमच्यातल्या काही जणांनी यावर पुष्कळ हसून घेतलंय. त्या सगळ्यांच्या गाड्या पुढे काकूंकडेच गेल्या.

आता मुलगी. तिला आम्ही सगळे दहा नंबर म्हणतो. ती रांगायच्या वयाची असताना गॅरेजातला दहा नंबरचा पाना हरवला. तीन दिवस शोधाशोध झाली. शेवटी तो पोरीच्या पाळण्यात, दुपट्याखाली सापडला, टोकाला दातांच्या खुणांसकट. काकांनी भिंतीवर प्रत्येक पान्याची सावली रंगवून ठेवलीय, म्हणजे कुठला पाना जागेवर नाही ते लांबून दिसतं. दहा नंबरची सावली तेव्हापासून बहुतेक वेळा रिकामीच असते.

पोरगी शिकली, रीतसर मोटारीचं शिक्षण घेतलं आणि शहराबाहेरच्या मोठ्या सर्व्हिस सेंटरला लागली. तिथे जमीन इतकी चकचकीत, की सांडलेल्या तेलालाही संकोच वाटावा. दहा नंबरच्या हातात स्कॅनर आला. गाडीला जोडला की पडद्यावर गाडीची कुंडली. त्या दिवशी काकूंनी किराणा दुकानात, गिरणीत आणि दवाखान्याच्या रांगेत, तिन्ही ठिकाणी, कुणीही न विचारता सांगितलं की आमच्या मुलीला आता गाडी उघडावीसुद्धा लागत नाही. पोरीला मात्र तोंडावर कधी शाबासकी दिली नाही. "बरं केलंस," एवढंच. काकूंच्या घरात 'बरं' म्हणजे वरचा वर्ग.

त्या सेंटरमध्ये दोन महिन्यांपूर्वी मुख्य मेकॅनिकची जागा रिकामी झाली. साहेबांच्या मनात दहा नंबर होती. पण तिथल्या चौघा-पाचांच्या पोटात दुखायला लागलं. ही जेव्हा जेव्हा एखादी अवघड गाडी सोडवी, तेव्हा कोणीतरी टोमणा मारायचाच, "काल रात्री आईला विचारून आलेली दिसतेस." खरं म्हणजे तिने आईला कधीच विचारलं नव्हतं. पण टोमण्याला पुरावा लागतो कुठे.

आणि नेमकी त्याच सुमाराला हेडमास्तरांची राखाडी गाडी आली.

हळू चालवा, गाडी गाय. बाजारातून न्या, शाळेपर्यंत न्या, तक्रार नाही. पण चढावर किंवा पुढच्याला ओलांडताना जोरात पाय दाबला, की गाडी दोन पावलं उत्साहाने पुढे जायची आणि मग अडखळायची. इंजिन ओरडतंय, पण पिकअप नाही. हेडमास्तर एका ट्रकला ओलांडायला गेले, समोरून बस आली, आणि त्या क्षणी गाडीने मान टाकली. कसेबसे मागे आले. घरी पोचल्यावर बायकोने सांगून टाकलं, "मी आता या गाडीत बसणार नाही." हेडमास्तरांनी आयुष्यभर मुलांना घाबरवलं, पण त्या दिवशी ते स्वतःच घाबरून गाडी थेट सेंटरला घेऊन गेले.

दहा नंबरने स्कॅनर लावला. कुंडली निर्दोष. प्लग बदलले, फरक नाही. पेट्रोलचा फिल्टर बदलला, फरक नाही. शेवटी पेट्रोलचा पंप बदलला. हेडमास्तर गाडी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी त्याच चढावरून, त्याच तक्रारीसह परत आले. आता ते मुलीवर नाही, पण सेंटरवर चिडले होते. साहेबांनी दहा नंबरला बोलावलं. "शनिवारी सकाळी मला सांग काय झालंय. नाहीतर गाडी दुसऱ्याकडे देतो." दुसऱ्याकडे म्हणजे गाडी, आणि गाडीमागोमाग जागा, हे कळायला शिक्षण लागत नाही.

गुरुवारी दुपारी ती गाडी, हेडमास्तर आणि पुष्कळ विनवण्यांनंतर गाडीत बसायला तयार झालेल्या मास्तरीणबाई, सगळ्यांना घेऊन आईच्या गॅरेजात आली. काकू एका टेम्पोखाली होत्या. फक्त पाय दिसत होते.

"आई, बाहेर ये. पण आधी शपथ घे."

पाय हलायचे थांबले. "कसली?"

"मला तुझी पाठ हवीय. तोंड नकोय. काय वाटतं ते सांग, काय झालंय ते सांगायचं नाहीस. तू शोधलंस तर ते म्हणतात तेच खरं होईल, आणि मला ती जागा तशी नकोय."

काका पलीकडे एका दारावर पॉलिश करत होते, ते म्हणाले, "अगं, तिला गप्प बसायला सांगतेस? त्यापेक्षा नदीला सांग, उलटी वाहा म्हणून."

"तुम्ही तुमचा दरवाजा घासा," टेम्पो म्हणाला. मग काकू सरपटत बाहेर आल्या, हात पुसले, आणि म्हणाल्या, "घेतली शपथ."

नेहमीच्या अटीप्रमाणे सगळे नेहमीच्या जागी बसले. हेडमास्तर स्टीअरिंगवर, त्यांच्या शेजारी मास्तरीणबाई, मांडीवर शिवणाची पिशवी. मास्तरीणबाई कपडे शिवतात. त्यांच्या हातची शिवण उसवायची तर कात्री बोथट होते. मागे काकू आणि दहा नंबर. पाण्याच्या टाकीच्या चढाकडे गाडी निघाली. हेडमास्तर राहतात त्या रस्त्याचं काम वर्षभर रखडलंय, सगळीकडे खडी आणि भुकटी. गाडीत इतकी धूळ होती, की सीटला पाठ लावल्याबरोबर काकूंना सटासट चार शिंका आल्या.

"आता," दहा नंबर म्हणाली, आणि हेडमास्तरांनी पाय दाबला.

काकूंनी डोळे मिटले. गाडीने झेप घेतली, सीटने पाठीला ढकललं, एक, दोन, आणि मग ते ढकलणं विरलं. एखादा जिना चढून आलेला माणूस दारात उभा राहून बोलायचा प्रयत्न करतो आणि शब्द निघत नाहीत, तसं.

"झटका नाही," काकू म्हणाल्या. "भुकेला माणूस झटके देतो, लटपटतो. ही लटपटत नाही. ही धापा टाकतेय."

"बास," दहा नंबर म्हणाली. "पुढे बोलू नकोस." तिने वहीत लिहून घेतलं.

गॅरेजात आल्यावर तिने बॉनेट उघडलं, हवेच्या फिल्टरचा डबा खोलला आणि फिल्टर बाहेर काढून आईपुढे धरला. "धाप म्हणजे हवा, हे मलाही कळतं. म्हणून तर पहिल्याच दिवशी हा बघितला होता. हा बघ. कोरा करकरीत."

फिल्टर खरंच पांढराशुभ्र होता. घडीच्या कपड्यासारखा.

"कधी बदललाय, सर?" दहा नंबरने विचारलं.

"गेल्या वर्षी. तुमच्याच सेंटरला. त्यानंतर इंजिनाला कोणीही हात लावलेला नाही. मी लावू देत नाही."

काकूंनी फिल्टरकडे बघितलं. मग गाडीच्या चाकांवर, दारांवर, काचेवर साचलेल्या भुकटीकडे बघितलं. मग पुन्हा फिल्टरकडे. आणि त्यांचं तोंड उघडलं.

उघडलं, आणि मिटलं. आमच्या गल्लीच्या इतिहासात याची नोंद व्हायला हवी. ज्या बाईला दुसऱ्याच्या फोडणीतली मोहरी कच्ची राहिली तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, तिने तोंड मिटलं, वळली आणि चहा टाकायला आत गेली. आधण ठेवलं आणि साखर घालायची विसरली. काका मागोमाग आले, बायकोचा चेहरा बघितला आणि हळूच म्हणाले, "कळलं वाटतं."

"गप्प बसा."

"मला तरी सांग."

"तुम्हाला सांगितलं तर तुमच्या तोंडावर दिसेल. तुम्ही रंगारी आहात, तुमच्या पोटात काही राहत नाही, सगळं वर येतं." आणि बिनसाखरेचा चहा त्यांनी सगळ्यांना नेऊन दिला. हेडमास्तर बिचारे सवयीने शिस्तीचे, पूर्ण प्यायले.

त्या संध्याकाळी काकू जेवल्या नाहीत. पोरगी समोर बसून वहीत रेघा ओढत होती, आणि उत्तर आईच्या जिभेच्या टोकावर गरम बटाट्यासारखं होतं. गिळता येईना आणि थुंकताही येईना. सांगितलं तर शनिवारचा प्रश्न आत्ता सुटतो. सांगितलं तर पोरीला ती जागा मिळते, पण मग आयुष्यभर ती त्या चकचकीत जमिनीवर आईचं बोट धरून उभी राहते, आणि ते टोमणे मारणारे नसले तरी तिला स्वतःला ते दिसत राहतं. काकूंना आठवलं, भागीदार गेल्यावर ती दुसरी गाडी घेऊन त्या आठ दिवस बसल्या होत्या. सहाव्या दिवशी पलीकडच्या गॅरेजवाल्याने येऊन दोन शब्दांत सांगायची तयारी दाखवली होती. त्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं. आठव्या दिवशी जे मिळालं, ते त्याच्या दोन शब्दांत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी दहा नंबर तयारीने आली. पेट्रोलचा दाब दाखवणारं गेज तिने लांब नळीने इंजिनाला जोडलं, नळी बॉनेटच्या फटीतून वर काढली आणि गेज काचेवर बाहेरून चिकटपट्टीने लावलं, चालवणाऱ्याला समोर दिसेल असं. स्कॅनरचा पडदा मास्तरीणबाईंच्या हातात दिला. "यातला हा आकडा वाचत राहा, हवा किती जातेय त्याचा." हेडमास्तर मागे काकूंजवळ बसले, आणि स्टीअरिंगवर ती स्वतः. इस्त्रीवाल्याला दिसली ती हीच वरात.

चढ आला. तिने पाय दाबला. गाडी उसळली आणि दमली. गेजचा काटा जागचा हलला नाही.

"पेट्रोल पुरतंय," दहा नंबर स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाली. "पंप मी उगाच बदलला. हवा सांगा, बाई."

"वाढतोय, वाढतोय," मास्तरीणबाई पडद्यावर नजर रोखून म्हणाल्या. "आणि आता थांबला. तू पाय दाबलेलाच आहेस ना? पण हा पुढे सरकत नाही. छताला डोकं लागल्यासारखा."

दहा नंबरने गाडी कडेला घेतली. काकूंच्या मणक्यातून आनंद असा सरसरत वर गेला की त्यांना शिंक आली. पोरगी बरोबर दारापाशी येऊन उभी होती; आता फक्त कडी काढायची.

"हवा जात नाही, म्हणजे दोनच वाटा," दहा नंबर म्हणाली. "आत येताना अडतेय, नाहीतर बाहेर जाताना. आत येताना अडत नाही, फिल्टर स्वच्छ आहे. म्हणजे सायलेन्सर आतून जाम झालाय." तिने फोन काढला. "नवा मागवते. संध्याकाळी येईल."

काकूंनी सीटची कड घट्ट धरली. दार समोर होतं आणि पोरगी शेजारच्या भिंतीवर डोकं आपटायला निघाली होती. त्यांनी ओठ दाताखाली धरले. शेजारी हेडमास्तरांना वाटलं, बाईंना गाडी लागली. त्यांनी काच खाली केली. बाहेरून खडीची ताजी भुकटी आत आली, आणि काकूंना एकामागून एक सात शिंका आल्या.

"आई, किती शिंकतेस," दहा नंबर फोन कानाला लावून म्हणाली आणि मागे रुमाल दिला. काकूंनी तोंड पुसलं, सीटची कड पुसली, रुमाल परत केला. रुमालावर राखाडी पट्टा उमटला होता.

दहा नंबर त्या पट्ट्याकडे बघत राहिली. पलीकडून कोणी तरी "हॅलो, हॅलो" करत होतं. तिने फोन बंद केला.

"एक वर्ष," ती म्हणाली. "या रस्त्यावर एक वर्ष. आणि फिल्टर पांढरा."

काकू खिडकीबाहेर बघत होत्या, जणू खडीचा ढिगारा त्यांनी पहिल्यांदाच पाहिलाय.

"तो स्वच्छ नाहीये," दहा नंबर म्हणाली. "त्याच्यापर्यंत काही पोचतच नाहीये."

गॅरेजपर्यंत गाडी कशी आली ते तिला आठवत नाही. फिल्टरच्या डब्यातून हवेची नळी पुढे जाते आणि दिव्याच्या मागे, वरून अजिबात दिसणार नाही अशा खाचेत तिचं तोंड उघडतं. दहा नंबरने खिशातून पाना काढला (कुठला ते विचारू नका), दिवा सोडवला, कोपरापर्यंत हात घातला, आणि तिचा चेहरा बदलला. हात बाहेर आला तेव्हा त्यात एक टोपी होती. लहान, गोल, जाड कापडाची, कडेला इलॅस्टिक घातलेलं, दुहेरी शिवण मारलेली. वरून इतकी भुकटी बसलेली की कापड आहे की पापुद्रा, कळू नये. हळू चालताना त्यातून जेमतेम हवा झिरपायची. पाय दाबला की इंजिन जोरात श्वास ओढायचं, ते कापड नळीच्या तोंडावर गच्च बसायचं, आणि नाक बंद.

हेडमास्तरांनी टोपी उलटी-सुलटी करून पाहिली. "ही तर माझी पँट," ते म्हणाले. "तपकिरी. नोकरीच्या शेवटच्या वर्षीची."

सगळ्यांनी मास्तरीणबाईंकडे बघितलं.

"गेल्या वर्षी तुम्हीच नाही का सांगितलंत," मास्तरीणबाई म्हणाल्या, "उंदीर गाडीच्या नाकातून शिरले आणि आत घरटं केलं म्हणून. माप घेतलं, शिवली आणि घातली. तुम्ही फिरायला गेला होतात."

"अगं, पण मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत होतो, इंजिनाला कोणी हात लावलेला नाही."

"नाहीच लावला. मी उंदरांचा बंदोबस्त केला. आपल्या घरात गाडी तुमच्याकडे आणि उंदीर माझ्याकडे, हे तुम्हीच ठरवलंय. आणि मला कोणी विचारलं होतं का?"

खरंच, कुणी विचारलं नव्हतं. सेंटरमध्ये त्या कधी गेल्याच नव्हत्या. तिथे मालकाला विचारतात.

काकूंनी टोपी हातात घेतली, इलॅस्टिक ताणून बघितलं. "बसवलीय मात्र कंपनीपेक्षा झकास," त्या म्हणाल्या. "वर्षभरात तसूभर हलली नाही." मास्तरीणबाई लाजल्या. काकांनी फळीवरून बारीक तारेची जाळी काढून दिली, आणि मास्तरीणबाईंनी तिथेच, स्टुलावर बसून, तिला कापडाची किनार शिवली. उंदीर येणार नाही, हवा अडणार नाही.

मग सगळे पुन्हा चढावर गेले. दहा नंबर स्टीअरिंगवर, शेजारी मास्तरीणबाई, मागे हेडमास्तर आणि काकू. तिने पाय दाबला. सीटने काकूंच्या पाठीला ढकललं आणि ढकलतच राहिली, टाकी मागे पडली, खडी मागे पडली, शिवणाची पिशवी मास्तरीणबाईंच्या मांडीवरून पोटापर्यंत सरकली, आणि हेडमास्तर म्हणाले, "हळू, मुली, हळू," पण आवाज हसरा होता.

वर सपाटीवर गाडी थांबली. मास्तरीणबाई आणि हेडमास्तर पाय मोकळे करायला उतरले. दहा नंबरने आरशातून मागे बघितलं.

"तुला कालच कळलं होतं."

काकू काचेवरची धूळ बोटाने पुसत होत्या. "मी बोलले का काही?"

"नाही. म्हणून तर कळलं. तू इतका वेळ गप्प बसलेली मी जन्मात पाहिली नाही. आणि चहात साखर नव्हती."

"फिल्टर बघून सगळेच पुढे जातात," काकू म्हणाल्या. "तू परत मागे आलीस. बरं केलंस." आणि मग, जरा थांबून, त्या खिडकीकडेच बघत म्हणाल्या, "फार बरं केलंस."

एवढं मोठं बक्षीस त्या घरात यापूर्वी कुणाला मिळालेलं नाही. काकांनासुद्धा नाही, आणि त्यांनी तर छत्तीस वर्षं संसार केलाय.

शनिवारी सकाळी दहा नंबरने साहेबांच्या टेबलावर ती टोपी ठेवली आणि कागद दिला. त्यात तिने काहीच झाकलं नव्हतं. पहिल्या दिवशी फिल्टर स्वच्छ बघून मी पुढे गेले, ही माझी चूक. पंप विनाकारण बदलला, तो सेंटरने भरून द्यावा. आणि यापुढे धुळीच्या रस्त्यावरच्या गाडीचा फिल्टर फारच पांढरा दिसला तर नळीचं तोंड हाताने तपासावं. साहेबांनी शेवटचं वाक्य तपासणीच्या छापील यादीत घालायला सांगितलं. सोमवारी तिला जागा मिळाली. हेडमास्तरांनी स्वतः जाऊन साहेबांना सांगितलं की या मुलीला मी शंभरपैकी शंभर दिले असते, पण मी कधी कुणाला देत नाही, म्हणून अठ्ठ्याण्णव.

त्या संध्याकाळी काकू किराणा दुकानात, गिरणीत आणि दवाखान्याच्या रांगेत, तिन्ही ठिकाणी जाऊन आल्या. दवाखान्यात तर त्यांना काही झालंही नव्हतं. परत येताना इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी थांबल्या, तेव्हा तिथे आम्ही चार-पाच रिकामटेकडे उभेच होतो. लॉटरीची बातमी मेली होती, तिच्या जागी नवी जन्माला आली होती, आणि इस्त्रीवाल्याने ती गरम गरम काकूंच्याच तोंडावर टाकली.

"काकू, आमच्यापासून कशाला लपवता. माशी कुठे शिंकली ते गुरुवारीच तुम्ही शोधलं, आणि ती सातवी शिंक मुद्दाम दिलीत पोरीला इशारा म्हणून. जागा तिला मिळाली, पण डोकं तुमचं."

काकूंनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता; पोरीबद्दल कुणी काही विचारलं की त्यांची मान जशी आपोआप ताठ होते, तशी झाली होती.

"मी मागे बसले होते," काकू म्हणाल्या. "गाडी ती चालवत होती."